महापुरात बुडालेली जुनी हर्क्युलस सायकल ८०० रुपयांत मिळतेय. घ्यावी का?

अडतदुकान_सांगली

मंडळी, सल्ला हवा आहे. आमच्या गावभागात एका शेजाऱ्यांकडे त्यांच्या वडिलांची जुनी हर्क्युलस आहे. काळी, २८ इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, लोखंडी कॅरिअर. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात तळमजला बुडाला तेव्हा ती जिन्याखाली होती आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच राहिली. नंतर धुऊन ठेवली, पण कुणी चालवली नाही. आता घर पाडून नवीन बांधणार आहेत, त्यामुळे ८०० रुपयांत देतो म्हणाले. नाहीतर भंगारात.

मला रोज मार्केट यार्डात जायचं असतं. अंतर चारेक किलोमीटर, रस्ता जवळपास सपाट. गाडी आहे, पण एवढ्याशा अंतराला ती काढायचा कंटाळा येतो आणि डॉक्टरांनीही हातपाय हलवा म्हणून सांगितलंय. शिवाय ही सायकल मला मनापासून आवडते, हेही सांगून टाकतो.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवली. त्याने ३२०० सांगितले, रंगासकट. म्हणजे एकूण ४०००. घेण्यासारखी आहे की नाही, हे ठरवायचं कसं? माझी उंची ५ फूट ८ इंच.

अण्णा_७१

आधी फोटो टाका. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा बाजूने एक आणि पायडलच्या आसाजवळचा खालून एक. बाकी चकचकीत भागांचे नकोत.

हिशेबी

नका घेऊ. साधी गणितं आहेत. चार हजार घालून हातात काय, तर पुरातली जुनी सायकल. त्याच पद्धतीची कोरी काळी सायकल आजही दुकानात मिळते, सहा हजारांच्या आसपास. दोन हजार जास्त घाला, सगळे भाग नवे, गंज नाही, वर्षभर कटकट नाही. जुन्या वस्तूवर जीव जडतो हे मान्य, पण रोज वेळेवर कामाला पोचायचं असेल तर भरवशाची वस्तू घ्यावी. मेकॅनिकचा आकडाही तिथेच थांबत नाही, उघडल्यावर वाढतो.

मृण्मयी_जोगळेकरवाडी

हिशेबी यांच्याशी अर्धी सहमत. मी अशीच एक जुनी सायकल स्वस्तात घेतली होती, पण ती गिअरवाली, पुढे-मागे स्प्रिंगा असलेली, जाड टायरची. दिसायला भारी. मागचा गिअर बदलायचा पत्रा वाकलेला, तो बदलला तर चेन दात सोडायला लागली, चेन बदलली तर मागचे सगळे दाते झिजलेले निघाले. पुढची स्प्रिंग तर दुरुस्त होणारी नव्हतीच. अशा सायकलींत प्रत्येक भाग दुसऱ्या भागाला बांधलेला असतो. ती शेवटी दिली सोडून.

पण तुमची त्या जातीची नाही. एक वेग, सगळं लोखंड, आणि जे मोडेल ते तालुक्याच्या गावात मिळतं. त्यामुळे माझ्या अनुभवावरून तुम्ही नाही म्हणू नका.

छर्रे_ग्रीस

माझं बालपण इचलकरंजीत वडिलांच्या सायकल दुकानात गेलं. तेव्हा मिलच्या पाळ्या सुटल्या की दुकानापुढे रांग लागायची. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न बाबांना रोज कुणी ना कुणी विचारायचं.

सायकलच्या किमतीशी दुरुस्तीच्या खर्चाची तुलना करायचीच नाही. सायकल ८०० ची की फुकटची, याने काही ठरत नाही. फ्रेम आणि चिमटा शाबूत आहेत का आणि सायकल तुमच्या मापाची आहे का, एवढंच ठरवायचं. ही दोन्ही उत्तरं होकारार्थी असतील तर बाकी सगळं बाजारात मिळतं. एक जरी नकार आला, तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

फ्रेम अशी बघा. हँडलखालची उभी नळी जिथे आडव्या आणि तिरक्या नळीला जोडली आहे, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. मग चिमटा बाजूने बघा. त्याचा खालचा भाग पुढे झुकलेला हवा. मागे दबलेला असेल तर तेच कारण. मागच्या चाकाच्या आसाजवळ दोरा बांधा, पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूने परत मागच्या आसाशी आणा. आता सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचा दोरा सारख्या अंतरावर हवा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. बोटभर फरक असेल तर फ्रेम वाकडी आहे, ती एका बाजूला ओढणार.

पुराची सायकल म्हणून एक जास्तीचं काम. सीट दांडीसकट उपसून काढा आणि सायकल उलटी करा. पाणी नळीत सीटच्या बाजूनेच शिरतं आणि पायडलच्या आसाच्या डबीत साठतं, कारण ती सगळ्यात खाली. कोरडा गाळ आणि थोडी तांबडी भुकटी पडली तर घाबरू नका. गंजाचे पापुद्रे पडले तर त्या डबीभोवतीच्या नळ्यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. सगळीकडे खणखणीत आणि एके ठिकाणी बद्द आवाज आला, तर तिथली नळी आतून खाल्लेली आहे. ती सायकल भंगारातच जाऊ द्या.

सीटची दांडी निघाली नाही तर हातोडी घेऊ नका. फटीत डिझेल सोडा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी सीट धरून डावी-उजवी पिळा.

आता ३२०० चं. त्यात रंग का आहे? रंगाने सायकल चालत नाही. माझा अंदाज असा: दोन टायर ७००, दोन ट्यूब ३००, चेन २००, फ्रीव्हील म्हणजे मागचं दातेरी चक्र १५०, छर्रे-कोन-ग्रीस १५०, ब्रेकची रबरं ४०, पायडलचे दांडे आसाला पक्के करणाऱ्या कॉटरपिना ४०, आणि पूर्ण खोलून बसवायची मजुरी ४००. झाले १९८०. सांगलीत पाच-पन्नास इकडेतिकडे होतील. रिम गेल्या असतील तर मात्र आकडा वाढेल.

हिशेबी

हा तपशील आवडला. पण रिम गेल्या नसतील हे गृहीत कशावरून? इतके दिवस पाण्यात आणि मग इतकी वर्षं जिन्याखाली.

मालवणी_वारा

रिमबद्दल मी सांगते. आमच्याकडे खाऱ्या हवेत सगळ्यात आधी रिमच जाते आणि ती बाहेरून कळत नाही. बाहेरचं क्रोम चकाकत असतं, आणि टायरखाली, जिथे आऱ्यांची निपलं असतात तिथे, आतून पोखरलेलं असतं. म्हणून टायर काढल्याशिवाय मत देऊच नका. आतली पट्टी काढा आणि प्रत्येक भोकाभोवती खिळ्याचं टोक दाबा. पत्रा दबला किंवा भोक वाढलेलं दिसलं तर रिम संपली. नुसता तांबडा थर असेल तर घासून, कोरडं करून, रंगाचा एक हात मारला तरी पुष्कळ वर्षं जाते.

बाहेरच्या क्रोमवरचे गंजाचे ठिपके घालवायला ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून पाण्यात भिजवा आणि घासा. पॉलिश कागदाने घासू नका, क्रोमच निघून जातं आणि मग गंज दुप्पट वेगाने धरतो.

दादा_शनवार

काय धागा काढलात! आमच्या पुण्यात एके काळी सायकलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला लागायचा. कर भरल्याची खूण. बिल्ला नसला की पकडायचे, रात्री दिवा नसला की पकडायचे, डबलसीट दिसलं की पकडायचे. चौकाच्या अलीकडे मागच्याने टुणकन उतरायचं, शहाण्यासारखं चालत चौक ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा धावत जाऊन कॅरिअरवर उडी. हे कसब ज्याच्या अंगात नाही तो पुणेकर नव्हे.

कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. पुण्याला आलात तर नक्की बघा. त्या सायकली बघितल्यावर कोण म्हणेल जुनी सायकल टाकाऊ म्हणून!

अण्णा_७१

दादा, बिल्ला आमच्याकडे नाशकातही होता. आणि नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलेली आमची पिढी. २४ इंची फ्रेम आणि आम्ही नऊ वर्षांचे, सीटपर्यंत पोचणार कसे? तासाच्या भाड्याने सायकल आणायची आणि पाच मिनिटं आधी परत द्यायची, म्हणजे दुकानदार पुढच्या वेळी चांगली देतो.

धागाकर्ते, फोटो राहिले.

उत्रेख्तकर

नेदरलँड्समधून लिहितोय. एक गंमत सांगायची आहे, आणि तिचा उपयोगही आहे. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४०-६३५ असा आकडा असतो का बघा. आपल्या काळ्या सायकलचा २८ गुणिले दीड इंची टायर म्हणजे हाच. इथल्या जुन्या पद्धतीच्या उंच हँडलच्या डच सायकलींनाही हेच माप लागतं. पण आधुनिक सायकलींचा जो टायर इथे २८ इंची म्हणून विकतात, त्याचा आकडा ६२२ असतो आणि तो तुमच्या रिमवर बसणारच नाही, १३ मिलिमीटरने लहान पडतो. म्हणून नुसतं २८ इंची सांगून ऑनलाइन मागवू नका. ६३५ लिहिलंय का ते बघा, किंवा सरळ जुन्या सायकलवाल्याकडून घ्या, तो चूक करणार नाही.

दुसरं म्हणजे कागद. इथे जुनी सायकल घेताना फ्रेमवरचा नंबर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकून ती चोरीची नाही ना, हे बघता येतं. तुमचे शेजारी ओळखीचे आहेत, तरी साध्या कागदावर फ्रेम नंबर टाकून लिहून घ्या. नंबर बहुतेक सीटखालच्या नळीच्या वरच्या टोकाला किंवा पायडलच्या डबीखाली ठोकलेला असतो.

इथे पन्नास वर्षांपूर्वीच्या सायकली लोक रोज कामाला नेतात, पावसातही. त्यामुळे जुनी म्हणजे बेभरवशाची, हे हिशेबी यांचं म्हणणं मला पटत नाही.

हिशेबी

उत्रेख्तकर, तुमच्याकडे सायकलला वेगळा रस्ता आहे. सांगली-मिरज रस्त्यावर मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर येतो. म्हणून मी ब्रेकचा मुद्दा मांडतो, जो इथे कुणीच घेतला नाही. दांड्यांचा ब्रेक, लोखंडी रिम, जुलैचा पाऊस. थांबते का ती?

छर्रे_ग्रीस

हिशेबी, रास्त प्रश्न, आणि उत्तर सरळ देतो: ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक कमी लागतो. कोरड्यात थांबायला जेवढं अंतर लागतं, त्याच्या कितीतरी पट जास्त लागतं. पावसात वेग कमी ठेवायचा आणि थांबायच्या बरंच आधीपासून ब्रेक हलका लावून रिम पुसत आणायची. सपाट गावात हे जमतं. महाबळेश्वरात मी ही सायकल घेऊच नका म्हणालो असतो.

आणि कुणी सांगेल की दांडे काढून वायरचे ब्रेक लावा. ते जमत नाही. या रिमची पाठ गोल असते आणि रबर आतल्या बाजूने, चाकाच्या आसाकडून बाहेरच्या दिशेने, दाबतं. वायरच्या ब्रेकला बाजू सपाट लागते. म्हणजे दोन्ही रिमच बदला. मग हिशेबी यांचं गणित खरं ठरतं.

पण नवी सहा हजारांची काळी सायकल घेतली तरी ब्रेक हेच आणि रिमही हीच असणार आहे, हेही लक्षात घ्या.

हिशेबी

हे मान्य. ब्रेकच्या बाबतीत दोन्ही सारख्याच.

सखी_डॉ

उंचीचा मुद्दा छर्रे यांनी एका ओळीत सोडून दिला, म्हणून लिहिते. या सायकली उंच असतात. वरच्या आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, पाऊल जमिनीवर पूर्ण टेकवून उभे राहा. नळी आणि अंग यांत दोन बोटं तरी जागा हवी. फ्रेम २४ इंची असेल तर ५ फूट ८ इंचांना ती मोठी पडेल. मोजायचं पायडलच्या आसापासून सीटखालची नळी संपते तिथपर्यंत. आणि सीट इतकी वर हवी की पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. आपल्याकडे बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात आणि गुडघेदुखीचं खापर सायकलवर फोडतात.

अडतदुकान_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या अंगणात बसून तुम्ही सांगितलेलं सगळं केलं, त्यांचा मुलगाही मदतीला होता. एकेक सांगतो.

फ्रेम २२ इंची आहे. नळीवर एकच बोट जागा राहते, दोन नाही. सखीताई, यावर तुमचं मत हवं.

नळीला सुरकुती नाही, चिमटा पुढे झुकलेला आहे. दोऱ्याने फरक दोन मिलिमीटरच्या आत. सीटची दांडी डिझेल सोडून दुसऱ्या दिवशी निघाली. उलटी केली तर मूठभर गाळ पडला, कृष्णेचा, अगदी पिठासारखा बारीक. पापुद्रे नाहीत. ठोकून बघितलं, आवाज सगळीकडे सारखा.

पुढची रिम चांगली आहे. मागची गेली. मालवणी_वारा यांनी सांगितल्याप्रमाणे खिळा लावला, तर व्हॉल्व्हच्या शेजारच्या सलग तीन भोकांतून तो आरपार गेला. बाहेरून ती रिम आरशासारखी दिसत होती!

चेन मोजायची कशी ते कुणी सांगितलं नाही, की बदलायचीच?

छर्रे_ग्रीस

चेन एका फुटावर मोजतात. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. चेन नवी असेल तर बरोबर १२ इंचांवर पिनेचा मध्य येतो. १/१६ इंच पुढे गेला तर चेन बदला. १/८ गेला तर फ्रीव्हीलही बदला, कारण ताणलेल्या चेनने दाते खाल्लेले असतात आणि नवी चेन त्यांवर घसरते. तुमची पाण्यात होती, कड्या आखडल्या असतील, तेव्हा मोजत बसू नका, दोन्ही बदला. पुढचं दातेरी चक्र मात्र बघून ठेवा, ते सहसा टिकतं.

मागच्या रिमसाठी महत्त्वाचं: या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. दुकानदार घाईत ३६ भोकांची रिम देईल आणि ती तुमच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बांधता येणार नाही. आपले आरे मोजून जा. रिम, ४० नवे आरे आणि चाक बांधून त्याचा आउट म्हणजे डगमग काढायची मजुरी धरून साडेसातशेच्या आसपास जातील. जुने आरे वापरू नका, पाण्यात राहिलेला आरा वाकाशी तुटतो.

सखी_डॉ

एक बोट म्हणजे थोडी उंचच आहे. पण या सायकलवरून लोक पूर्वीपासून एका बाजूला पाय टाकूनच उतरतात, नळीवर उभे राहत नाहीत. तुम्हाला तशी सवय आहे का? असेल तर चालेल. सिग्नलला दोन्ही पाय टेकवून उभं राहायची सवय असेल तर मी नको म्हणेन.

अडतदुकान_सांगली

शाळा-कॉलेज याच जातीच्या सायकलवर झालं, पाय टाकून उतरायचीच सवय आहे.

मग हिशेब असा: १९८० आणि ७५०, म्हणजे २७३०. शेजाऱ्यांना मागची रिम दाखवली, त्यांनी ८०० चे ६०० केले. एकूण ३३३०. रंग करणार नाही. मेकॅनिकशी बोललो, रंग वगळून आणि चाक बांधून देण्यासकट तो तयार आहे.

मृण्मयी_जोगळेकरवाडी

घ्या! रंग करू नका हे फार बरं. त्या काळ्या रंगावरची सोनेरी रेघ आजकाल कुणी हाताने मारत नाही.

हिशेबी

फ्रेम आणि चिमटा तपासून घेताय, तर माझा विरोध मागे. मी आधी पाहिला तो मेकॅनिकने अंदाजाने सांगितलेला आकडा होता. हा उघडून बघून काढलेला आहे. फक्त एक करा: मेकॅनिकला बदललेले जुने भाग परत द्यायला सांगा. काय बदललं ते डोळ्यांनी दिसतं.

दादा_शनवार

आणि घंटी चांगली घ्या. खणखणीत. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमधून वाट काढायची आहे.

मालवणी_वारा

मागच्या नव्या रिमला टायर चढवण्याआधी आतून रंगाचा एक हात मारून घ्या, आणि पुढचीलाही. आत्ता उघडी आहेत तोवरच होईल.

अण्णा_७१

एक शंका. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला तेव्हा माझ्या सायकलचे भाग मिळणार नाहीत अशी भीती होती. हर्क्युलसचं काय?

छर्रे_ग्रीस

अण्णा, या काळ्या सायकलींचे बहुतेक भाग एकाच मापाचे. नाव कुठलंही असो, छर्रे, कोन, चेन, फ्रीव्हील लुधियानाचं आणा आणि बसवा. तुमच्या ॲटलसलाही बसतं.

धागाकर्ते, सायकल हातात आली की एवढं करा. कॉटरपिन ठोकून बसवल्यावर पहिले काही दिवस ती आणखी बसते आणि नट सैल होतो. आठवडाभर चालवून झालं की दुकानात नेऊन दोन्ही नट आवळून घ्या आणि मागच्या चाकाचे आरे पुन्हा एकदा ताणून घ्या, नव्याने बांधलेलं चाक सुरुवातीला ढिलं पडतंच. पायडल मारताना दर फेऱ्याला एकदा 'टक' असा धक्का पायाला लागला तर ती कॉटरच समजा आणि तशीच चालवत राहू नका, पिनेपाठोपाठ आसाची खाच खराब होते. आणि डाव्या पायडलची आटी उलटी असते, ते काढायला घड्याळाच्या दिशेने फिरवावं लागतं. मेकॅनिकला माहीत असेलच, पण घरी कधी तुम्हीच पाना हातात घेतलात तर उपयोगी पडेल.

अडतदुकान_सांगली

लिहून घेतलं. ४० भोकांची रिम मिरजेत मिळतेय, बुधवारी आणतो. फ्रेम नंबर पायडलच्या डबीखाली सापडला, तो टाकून कागदही करून घेतला. फोटो उद्या टाकतो, अण्णा.